मॅडमच्या कॉम्प्युटरमधले साडेचारशे ग्रॅम

१२ जाने., सोम.

कॉम्प्युटरच्या डब्यात नेमकं काय काय असतं, आणि त्यातल्या कशावर पैसे वाचवले तर चालतं?

मला माहीत नाही. जहागीरदार मॅडमनी फोनवर हे विचारलं. शाळेतल्या, गणिताच्या. रिटायर होऊन भोकरदनला आपल्या घरी गेल्यापासून पहिल्यांदाच फोन. "साळवे, तू कॉम्प्युटरमध्येच पदवी घेतलीस ना? मला एक बनवून हवाय. गेम खेळायचा." मी "सांगते, मॅडम" म्हणाले आणि घाईने ठेवला.

बी.एस्सी. कॉम्प्युटर, प्रथम श्रेणी. आप्पांनी प्रमाणपत्र लॅमिनेट करून कॅलेंडरशेजारी लावलंय. तीन वर्षांत एकदाही डबा उघडलेला नाही. लॅबमधलं मशीन बिघडलं की लॅबचे सर उचलून आत न्यायचे, आणि दुरुस्त होऊन बाहेर यायचं. आता मी कॉम्प्युटर क्लासवर शिकवते, पोरींना त्या डब्याकडे बोट दाखवून सांगते, हा सीपीयू. तेसुद्धा चूक आहे. सीपीयू म्हणजे आतली बिस्किटाएवढी चकती. आज वाचलं. दोन वर्षं चूक शिकवतेय!

१३ जाने., मंगळ.

दिवसभर क्लासच्या मधल्या वेळात व्हिडिओ. वहीचं एक पान भरलं.

रॅमचा भाव पाहून मोबाईल खाली ठेवला. परत उचलला. तोच आकडा. दिवाळीआधी होता त्याच्या तिप्पट. कुठंतरी मोठमोठी सर्व्हरची गोदामं उभी राहतायत, त्यांनी सगळी रॅम आधीच उचलली म्हणे. त्याचा भोकरदनच्या मॅडमना काय उपद्रव? तर आहे.

१४ जाने., बुध. संक्रांत

जालन्याहून सकाळच्या एसटीने भोकरदन. मॅडमनी तिळगूळ दिला. मी नातवाचं वय विचारलं, म्हणजे गेम कुठले ते ठरवता येईल.

"नातू कुठला? मला खेळायचाय."

ह्याच मॅडमनी नववीत एका मुलाचा मोबाईल जप्त करून वर्षभर कपाटात ठेवला होता.

ट्रक चालवायचाय त्यांना. मोठा, सोळा चाकी, परदेशातल्या रस्त्यांवरून. स्टिअरिंग लावून. एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून त्याचे हात बघत गेल्या-आल्या. घरी सायकलसुद्धा कुणी शिकवली नाही. मुलाला पुण्याला सांगितलं तर तो म्हणाला, आई, त्यापेक्षा टॅब घे, भजनं ऐक. त्याला आता कळवणार नाहीत.

"मला घाट उतरायचाय, साळवे. स्वतः."

भिशी लागली आहे. सत्तर हजार, स्टिअरिंगसकट, त्यावर एक रुपया नाही. निघताना म्हणाल्या, यादी करशील तेव्हा प्रत्येक वस्तूपुढे कारण लिही. शाळेतही हेच असायचं. उत्तर चुकलं तर चालेल, पायरी दाखवा.

मी कमिशन घेणार नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, मग जेवून जा.

१८ जाने., रवि.

यादी झाली. चार वेळा खोडून.

प्रोसेसर (मदरबोर्डसकट): सहा कोअरचा, गेल्या पिढीचा. कारण ट्रकच्या गेमला पुरतो.
रॅम: सोळा जीबी. कारण आठवर अडकतो. (इथेच सगळं बजेट कोलमडलं.)
ग्राफिक्स कार्ड (ग्रा. कार्ड, पडद्यावर चित्र काढणारं): नवीन, मधलं. सेकंडहँड निम्म्यात मिळत होतं, पण ती कार्डं वर्षानुवर्षं रात्रंदिवस तापवलेली असतात असं कळलं, सोडून दिलं.
मॉनिटर: नाही. मॅडमचा टीव्ही आहे. नऊ हजार वाचले.
कॅबिनेट: साधं. रंगीत दिव्यांचं दाखवलं तर मॅडम म्हणाल्या, "दिवे कशाला? लग्न आहे का?"
एसएमपीएस: हा लोखंडी डबा भिंतीतली वीज घेतो आणि आतल्या सगळ्यांना मापात वाटून देतो. तपासणीचा शिक्का असलेला, साडेपाचशे वॅट. महाग आहे. पण हा फसला तर बाकी सगळ्यांना घेऊन जातो. इथे काटकसर नाही. दोनदा अधोरेखित.

एकूण अडुसष्ट हजार आठशे. स्टिअरिंग जुनं पण चालू, त्यात धरून.

बी.एस्सी.त कुठल्या पेपरला एवढा आनंद झाला नव्हता.

२० जाने., मंगळ.

जेवताना आप्पांना यादी वाचून दाखवली. समजून घेतली की नाही कळलं नाही, पण शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाले, "दुकानात मी येऊ का?"

माझ्या शिक्षणाच्या कुठल्याच कामात आप्पा कधी आले नाहीत. ॲडमिशनला नाही, निकालाला नाही. एकदाच शाळेत आले होते. दहावीत मॅडमनी बोलावून घेतलं, हिला पुढे शिकवा म्हणायला. भंगाराच्या यार्डातून, कामावरून तसेच आले, तेलकट कपड्यांत. मॅडमनी स्वतः उठून खुर्ची दिली. ती खुर्ची आप्पा अजून सांगतात.

मी हो म्हणाले. कितीदा तरी.

२२ जाने., गुरु.

आप्पांनी सुट्टी टाकली. धुतलेला शर्ट.

जालन्यातलंच दुकान, बाजारातलं. बाकी सगळं यादीप्रमाणे मिळालं. एसएमपीएस नाही. तो मागवावा लागेल, आठ-दहा दिवस. दुकानदाराने दुसरे दोन काउंटरवर ठेवले, दोन्हींवर साडेपाचशे वॅट छापलेलं. शिक्का कुठल्याच खोक्यावर नाही. मी तेच विचारणार होते, तेवढ्यात आप्पांनी एकेका हातात एकेक घेतला.

दुकान गप्प. आप्पांचा हात सगळ्यांना असाच गप्प करतो. बावीस वर्षं भंगाराच्या यार्डात काट्यावर आहेत, स्टीलच्या मिलला जाणारा माल निवडतात. लग्नात लोक नारळ हातात देऊन विचारतात, साळवे, किती? पन्नास ग्रॅमही चुकत नाहीत.

"ह्यो फुगा हाय," डावा खाली ठेवून म्हणाले. "ह्याच्यात माल न्हाई. ह्यो घे. ह्यो बराबर हाय."

दुकानदार हसला. "काकांचा हात जाणकार आहे. ताईंनी वाचलंय, काकांनी माल पाह्यलाय."

माझी यादी हातात होती. दोन रेघा मारलेली ओळ समोर दिसत होती. आप्पांचा चेहराही दिसत होता.

यादीची घडी घातली, पर्समध्ये ठेवली. मी म्हणाले, हाच द्या.

वर साडेबावीसशे रुपये वाचले! त्यातून मॅडमसाठी यूपीएस घेतला.

बिल कच्चं घ्या, स्वस्त पडेल, असं दुकानदार म्हणाला. आप्पाही मान हलवत होते. मी पक्कं घेतलं, जहागीरदार मॅडमच्या नावावर, प्रत्येक वस्तू वेगळी लिहून. त्याने लिहिलं, पण "कलेक्टर होणार वाटतं ताई" म्हणत.

बाहेर आल्यावर आप्पांनी रसवंतीत रस पाजला. आपणहून. खूप बोलले आज.

२४ जाने., शनि.

घरीच जोडणी. पलंगावर धुतलेली चादर. व्हिडिओ थांबवत, पुढे नेत. प्रोसेसर बसवायची वेळ आली तेव्हा मी तो खोक्यातून काढला आणि परत ठेवला. खाली केसासारख्या पिना, एक वाकली की दहा हजार गेले.

माय बघत होती. म्हणाली, सरक.

माय बियाण्याच्या प्लॉटवर जाते, शेडनेटमध्ये. मिरचीच्या कळीतले केसर चिमट्याने काढायचे, कळीला इजा न होता, दिवसाला हजारभर. तिने चकती दोन बोटांत धरली, कोपऱ्यावरची खूण जुळवली, सोडली. बसली. आवाजसुद्धा नाही.

"एवढंच का?" म्हणाली.

बटणाच्या बारीक तारा तिनेच लावल्या, तिच्याच चिमट्याने. क्लासवर सांगणार आहे हे. पहिला कॉम्प्युटर मी आणि मायने जोडला, आणि माय चौथी शिकलेली.

बटण दाबल्यावर पंखे फिरले. आप्पांनी टाळी वाजवली, एकच.

२५ जाने., रवि.

भोकरदन. कंडक्टरने डब्याचं वेगळं लगेज तिकीट फाडलं. पूर्ण रस्ता मांडीवर.

टीव्हीला जोडला, स्टिअरिंग टेबलाला आवळलं. मॅडमनी चष्मा पुसला, पदर खोचला, चपला काढून पायाने पेडल चाचपलं. पहिल्या वळणावर ट्रक खांबावर. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा वळला. अर्धा तास त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मग समोर बघतच, "साळवे, मी इंडिकेटर दिला होता का?"

दिला होता.

परत येताना बसमध्ये मला उगाच रडू आलं. आनंदानेच.

२६ जाने., सोम.

मॅडमचा फोन. शाळेतल्या झेंडावंदनाहून आल्यावर तासभर चालवला. सपाट रस्त्यावर बिलकुल ठीक. डोंगराचा रस्ता लागला की सगळंच बंद पडतं, एकदम, दिवा गेल्यासारखं. तीनदा झालं.

डोंगर, झाडं, वळणं. म्हणजे ग्रा. कार्डावर ताण. ताण आला की जास्त वीज लागते. म्हणजे

उद्या बघू. वायर सैल असेल.

२७ जाने., मंगळ.

वायर नाही.

सकाळी दहाला मॅडम. फट्ट आवाज आला, जळका वास, मागून धूर. त्यांनी प्लग ओढून काढला. आवाज शांत होता त्यांचा.

त्यांनी विचारलं, काय झालं असेल? मी म्हणाले, एसएमपीएस खराब निघाला.

"तो तू का निवडलास? पायरी दाखव."

मी म्हणाले, दुकानदार म्हणाला म्हणून.

हे मी बोलले. सहज, अडखळले पण नाही. दुकानदाराने ह्यातला अमुकच घ्या असं म्हटलं नव्हतं. शाळेत निबंधात मी लिहायचे, किंमत मोजावी लागली तरी सत्यच बोलावं. वर्गशिक्षिका म्हणून मॅडमनीच वाचून "छान" शेरा दिला होता. आता कळतंय, लिहायला काही मोजावं लागत नाही.

२९ जाने., गुरु.

डबा घरी आणला. क्लासवरच्या मशीनचा एसएमपीएस तिथल्या सरांना विचारून तासभर घेतला, लावून पाहिला. मदरबोर्ड जिवंत. प्रोसेसर, रॅम जिवंत. ग्रा. कार्ड गेलं. काळा डाग पडलाय एका कोपऱ्यात. यादीतली सर्वांत महागडी वस्तू.

दुकानदाराला फोन. "तुमच्या घरची लाइन खराब असेल ताई. भोकरदनला व्होल्टेजचं काही खरं आहे का? जळलेल्या मालाची वॉरंटी नसते." मी यूपीएस होता म्हणून सांगितलं. तो म्हणाला, मग यूपीएस खराब.

आप्पांना सांगितलं. म्हणाले, "माल बराबर व्हता. हात चुकत न्हाई माझा." आणि उठून गेले.

१ फेब्रु., रवि.

आज जळका एसएमपीएस उघडला. पाच दिवस प्लगविना पडून होता, तरी रबरी मोजे घातले. आप्पा समोर बसलेले, मायच्या हातात चिमटा. चार स्क्रू. वरचं झाकण निघालं.

आत एक छोटा बोर्ड. अर्धा डबा रिकामा. चांगल्या एसएमपीएसमध्ये जे तांब्याचं आणि ॲल्युमिनियमचं दाटीवाटीने असतं, ते नाही. आणि खाली, तळाला, काळ्या टेपमध्ये गुंडाळून गोंदाने चिकटवलेलं काहीतरी.

मायने चिमट्याने टेप सोलली.

लोखंड. नुसतं लोखंड. दहा एमएमची पट्टी, पंजाएवढी, कशालाही न जोडलेली. वजन वाढवायला ठेवलेली.

मी नंतर वाचलं. जड तो चांगला, हे सगळेच सांगतात, जाणकारसुद्धा. आत तांबं जास्त असलं की वजन जास्त, हिशेब खरा आहे. हे बनवणाऱ्यांनाही तो माहीत आहे. वजन हातात घेऊन माल ओळखणारं गाव असेल तर पट्टी टाकून विकायचा. आमच्यासाठीच बनवलाय जणू.

पण धक्का तो नव्हता.

आप्पांनी पट्टी हातात घेतली. "साडेचारशे." सवयीने बोलले. मग तिची कड खिडकीकडे धरली. बोट फिरवलं. परत फिरवलं. कडेवर एक बारीक उभी रेघ होती, ओरखड्यासारखी.

"ही आमची हाय."

मला कळेना. त्यांनी सांगितलं. यार्डात पत्रे-पट्ट्या कापायची कातर आहे, मोठी. तिच्या पात्याला वर्षभरापासून एक दात पडलाय. जे कापेल त्यावर ही रेघ उमटते. मालक पातं बदलत नाही. आणि महिन्याला एक माणूस येतो, एकसारख्या मापाच्या पट्ट्या कापून घेतो, पोत्याने. काट्यावर आप्पाच असतात.

"म्याच तोलून दिल्या त्याला. मला वाटलं, बिजागऱ्या करत आसन."

मायने टेपचा बोळा करून बाहेर टाकला.

२ फेब्रु., सोम.

मी म्हणाले तक्रार करू. पक्कं बिल आहे, पट्टी आहे, फोटो काढलेत. आधी दुकानदाराला नोटीस, नाही ऐकलं तर ग्राहक आयोग. पुस्तकात आहे हे सगळं, नागरिकशास्त्रात.

आप्पा म्हणाले, नको. दुकानदार पहिला फोन मालवाल्याला करील, मालवाला यार्डात येईल. "मालकाला कळलं की साळव्याची पोरगी यार्डाच्या मालावरून भांडून राह्यली, तर बावीस वर्षं एका दिवसात गेली म्हून समज."

मी म्हणाले, पण मॅडमचे पैसे.

शेवटी आप्पा म्हणाले, "तुला काय करायचं ते कर. पन माझं नाव कुठं येऊ देऊ नको. मॅडमपुढं तर न्हाईच न्हाई."

त्यांना पट्टीपेक्षा ते जास्त लागलंय. मॅडमनी ज्याला खुर्ची दिली होती त्या माणसाचा हात चुकला.

४ फेब्रु., बुध.

वांगी आणली मायने. नेहमीसारखी पिशवी आप्पांपुढे धरली. हा त्यांचा रोजचा खेळ आहे, भाजीवालीने वजनात मारलं की नाही ते बघायचा. आप्पा म्हणतात किती, माय हसते, मला ओरडते, ऐक गं, पाव किलो खाल्लं तिनं.

आप्पांनी पिशवी धरलीच नाही.

"काट्यावर ठेव," म्हणाले.

आमच्या घरात काटा नाही. कधी लागलाच नाही.

५ फेब्रु., गुरु.

भोकरदन. मॅडमचं टेबल तसंच, स्टिअरिंग आवळलेलं, टीव्हीवर रुमाल झाकलेला.

सगळं सांगितलं. म्हणजे जेवढं माझं आहे तेवढं. दुकानदार म्हणाला हे खोटं होतं. यादी माझी होती, कारण मी लिहिलं होतं, दोनदा अधोरेखित केलं होतं, आणि दुकानात मीच घडी घालून ठेवली. हे खरं आहे. चार दिवस विचार करून कळलं की हेच खरं आहे. आप्पांनी आपल्याला माहीत होतं ते सांगितलं. माहीत असून मी गप्प बसले.

मॅडमनी यादी मागितली. पर्समध्ये होती अजून. ती ओळ वाचली.

"घडी का घातलीस?"

मी बिल काढून टेबलावर ठेवलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "एवढी पायरी तुझ्या घरात राहू दे."

त्यांना कळलं असावं. किंवा नसेल.

मग मी पट्टी दाखवली, मोबाईलवर. ही कुठून आली ते मला माहीत आहे पण सांगता येत नाही, असंही सांगितलं. त्या म्हणाल्या, मग लिहू नकोस. जे दाखवता येतं तेवढंच लिही, बाकी त्यांना शोधू दे.

तिथेच बसून नोटीस लिहिली. वस्तू, तारीख, बिल नंबर. डब्यावर काय छापलं होतं, आत काय निघालं. वजन: साडेचारशे ग्रॅम. मॅडमकडचा स्वयंपाकघरातला काटा आणून तपासावं म्हटलं तर पट्टी घरी. मी म्हणाले, बरोबर आहे ते वजन, खात्री आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही. "निवड कुणी केली" इथे माझं नाव. ग्राहक त्या, म्हणून खाली सही त्यांची.

लिफाफा माझ्याच हातात दिला. "टाकायचा की नाही ते तू ठरव. माझे पैसे गेले तर मी टॅब घेणार नाही एवढं नक्की. सपाट रस्ता होता तोही बरा होता. पण ठरवताना माझ्याकडे बघून ठरवू नकोस."

रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

७ फेब्रु., शनि.

क्लासवर नवीन बॅच. डब्याकडे बोट दाखवून "हा सीपीयू" म्हणायची वेळ आली. थांबले. सरांना विचारून एक जुनं मशीन उघडलं, पोरींना जवळ बोलावलं. एसएमपीएस काढून एकेकीच्या हातात दिला. एक म्हणाली, मॅडम, केवढा जड आहे, भारी असेल ना?

मी म्हणाले, माहीत नाही. उघडल्याशिवाय सांगता येत नाही.

लिफाफा दोन दिवस पर्समध्ये आहे. यादी होती त्याच कप्प्यात.

घरी आप्पा जेवून भिंतीला टेकून बसतात. हात मांडीवर, पालथे. यार्डात विचारलं का कुणाला, मी विचारत नाही. माय म्हणते, थोडं थांब. किती थांबायचं हे ती सांगत नाही.

आणि ह्या महिन्यातही तो माणूस पोतं घेऊन येईल. परत. त्या पट्ट्या परत कुणाच्या तरी डब्यात.

९ फेब्रु., सोम.

संध्याकाळी आप्पा लवकर आले. पाय धुतले, चहा घेतला, मला समोर बसवलं. माय पण आली दारात.

"आज पट्टीवाला आल्ता."

माय दाराला टेकली.

"पोतं काट्यावर ठेवलं त्यानं. म्या उतरवलं. म्हनलं, आजपासून ह्या मापाच्या पट्ट्या माझ्या काट्यावर न्हाईत. दुसऱ्याकडून तोलून घे."

माय म्हणाली, मालक?

"बघत व्हता हापिसातून. आजून बोलला न्हाई. उद्या बोलन." चहाचा कप फिरवत राहिले. आवाज नेहमीचा, काट्यावरचा. "मी बघतो काय ते. तू तुझ्या कागदाचं इतक्यात काही करू नको. दोन-चार दिवस थांब. मंग टाकू. मीच येतो पोस्टात."

मीच येतो, म्हणाले. दुकानात आले होते तसे.

गॅसवरचं बघते म्हणून मी उठले, आणि गॅस बंदच होता.

त्यांना जेवण झाल्यावर सांगणार आहे. आधी हे लिहून ठेवते, नाहीतर परत एखादी पायरी गाळीन.

लिफाफा टाकल्याची पोस्टाची पावती ह्याच पानात आहे. रजिस्टर, पोचसह. आज दुपारची, दोन वाजून दहा मिनिटांची.